मदिनाबीसारखं कार्ड

मदिनाबीला हार्ट अटॅक आला आणि पोटात दुखायला लागलं मालनबाईंच्या.

असं सरळ लिहिलं की लोकांना टोचतं. म्हाताऱ्या बायका एकमेकींच्या दुखण्यावरसुद्धा जळतात, हे कुणाला ऐकायचं नसतं. म्हातारी कशी हवी, तर समईसारखी शांत, सगळ्यांचं भलं चिंतणारी. डोंबलाची समई! ज्यांनी तीस वर्षं एकाच जिन्याचा कठडा धरून वरखाली केलंय, समोरच्या घरात आज काय शिजतंय हे नुसत्या वासावरून ओळखलंय, त्यांना विचारा. वय वाढलं म्हणून जळणं कमी होत नाही. उलट हाताला दुसरं काम उरलेलं नसतं, त्यामुळे ते निवांत, मन लावून करता येतं.

येरवड्यात, जेलच्या अलीकडच्या एका गल्लीत, ही चार मजली इमारत. दुसऱ्या मजल्यावर समोरासमोर दोन दारं. एका दारावर पितळी पाटी. ‘रंगराव खुटवड, सेवानिवृत्त’. कशातून सेवानिवृत्त ते पाटीवर नाही, पण आख्ख्या गल्लीला पाठ आहे. खडकीला केंद्र सरकारच्या कारखान्यात, फिटर. दुसऱ्या दारावर पाटी नाही, चपलांचे आठ-दहा जोड. ते मदिनाबीचं घर. नवरा बेकरीत भट्टीवर होता, तो जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा अमीन गाड्यांची सीट कव्हरं शिवतो. सून, नातवंडं, सगळे त्याच दोन खोल्यांत.

आता या दोन घरांत वर कोण आणि खाली कोण, हे काय सांगायला पाहिजे? मालनबाईंना कधीच सांगावं लागलं नव्हतं. सांगायला त्यांची डिस्पेन्सरी होती.

रंगराव निवृत्त झाले तेव्हा त्यांनी एकरकमी पैसे भरून दोघांचं जन्मभराचं कार्ड घेतलं होतं. केंद्राच्या कर्मचाऱ्यांचं, सीजीएचएसचं. दर महिन्याला दोघं नवराबायको रिक्षानं डिस्पेन्सरीत जायचे आणि कापडी पिशवी भरून औषधं घेऊन यायचे. मालनबाईंचं इन्सुलिन, दोघांच्या प्रेशरच्या गोळ्या, थायरॉइडची बाटली, कॅल्शियम, गॅसच्या गोळ्या. एखादं औषध तिथं नसलं तर त्याची मागणी, म्हणजे इंडेंट, जायचं आणि ते दुसऱ्या दिवशी मिळायचं. जिना चढताना मालनबाई ती पिशवी रंगरावांच्या हातात देत नसत. ती स्वतः धरायच्या, आणि अशा धरायच्या की आतल्या पाकिटांचा आवाज पहिल्या मजल्यापासून ऐकू यावा.

त्या पिशवीवर त्यांचं राज्य चालायचं. कुणाला ॲसिडिटी झाली, मालनकाकूंकडे जा. कुणाचे गुडघे धरले, मालनकाकूंकडे मलम आहे. मालनबाई द्यायच्या. मन मोठं करून द्यायच्या, आणि दिलेलं आठवड्यातून एकदा तरी बोलून दाखवायच्या. मदिनाबी दारात उभी राहून म्हणायची, “भाभी, तुमच्यामुळं बरं पडतं बघा.” त्या एका वाक्यावर मालनबाईंची साखर दोन दिवस ताब्यात राहायची.

आणि अशात मदिनाबीला अटॅक आला.

मोठ्या खासगी हॉस्पिटलात नेलं. नळीतून तार घालून हृदयाची बंद वाट उघडली, स्प्रिंग बसवली. चार दिवसांनी बाई घरी आल्या त्या गोऱ्या होऊन. एसीत राहून माणूस गोरं होतं की काय देव जाणे, पण मालनबाईंना ती गोरी दिसली. आजाऱ्याला भेटायला जायची रीत आहे, ती मोडता येत नाही. मालनबाई शहाळं घेऊन समोरच्या दारात गेल्या, तर आत पाय ठेवायला जागा नाही. सगळी इमारत तिथं. वरच्या मजल्यावरची शालू तर पलंगाच्या कडेला ठाण मांडून बसलेली.

“कसं वाटतंय गं आता?”

“अल्लाची मेहेरबानी, भाभी. छातीवर जातं ठेवलं होतं कुणी, ते उचललं.”

“खर्च फार आला असेल गं.” मालनबाईंनी आवाजात दया घातली. किती आला असेल याचा अंदाज बांधतच त्या इथवर आल्या होत्या. अमीनला कर्ज काढावं लागलं असणार, सुनेचं काहीतरी मोडलं असणार. मग आपण म्हणायचं, बाई, आमच्यासारखं कार्ड असतं तर डिस्पेन्सरीनं सगळं केलं असतं.

“कसला खर्च काकू?” अमीन म्हणाला. “एक रुपया नाही लागला.”

“म्हणजे?”

“अम्मीचं सत्तरीवरचं कार्ड काढून ठेवलं होतं ना. आयुष्मानचं. वर्षाला पाच लाखांपर्यंत. कमाई किती, रेशनकार्ड कुठल्या रंगाचं, कोण विचारत नाही. आधारवर सत्तर पूर्ण दिसले की बास. यादीतलं हॉस्पिटल पाहिजे फक्त.”

त्यानं कार्ड काढून दाखवलं. मदिनाबीचा फोटो, डोक्यावर पदर, चेहरा घाबरलेला. कार्ड हातोहात फिरलं. मालनबाईंच्या हातात आलं तेव्हा त्यांनी ते उलटसुलट करून बघितलं, जणू कुठंतरी खोट सापडेल.

“काकू,” शालू मोठ्यांदा म्हणाली, “तुमच्याकडं नाही का हे?”

सगळ्यांच्या माना वळल्या. निदान मालनबाईंना तरी तसं वाटलं. “आमचं वेगळं असतं,” त्या म्हणाल्या. “केंद्राचं.”

“हे पण केंद्राचंच आहे की,” शालू म्हणाली.

घरी आल्या तर रंगराव पेपर वाचत बसलेले.

“अहो, ते सत्तरीचं कार्ड आपण का नाही काढलं?”

“आपल्याला साठीलाच अक्कल आली होती म्हणून.”

“चेष्टा नका करू. समोरच्या बाईचं सगळं फुकट झालं. एसी खोली, टीव्ही, जेवण.”

“मग काय, तुलाही ॲडमिट व्हायचंय टीव्ही बघायला? इथला लाव.”

“पाच लाख आहेत म्हणे त्यावर.”

रंगरावांनी पेपर खाली ठेवला. पुण्यात चाळीस वर्षं काढलेला माणूस, दुसऱ्याला समजावून सांगणं म्हणजे त्याचा अपमान करणं, अशीच त्याची समजूत. “पाच लाख म्हणजे तिच्या हातात कुणी दिलेत का? ॲडमिट झाली तर हॉस्पिटलचं बिल त्यातून जातं. झाली नाही तर काही नाही. रोजच्या गोळ्या नाहीत, डॉक्टरची फी नाही, रक्ताची तपासणी नाही. तुझं इन्सुलिन ते कार्ड देणार आहे? आपल्या कार्डावर हे सगळं मिळतं आणि ॲडमिट व्हायची वेळ आली तर तेही मिळतं. रिटायर होताना पैसे भरले तेव्हा तूच घर डोक्यावर घेतलं होतंस, त्यात रंगीत टीव्ही आला असता म्हणून.”

“मग दोन्ही ठेवू.”

“दोन्ही चालत नाही. आपल्यासारख्यांना एक धरायचं, एक सोडायचं. सोडलं की परत नाही. आता चहा टाक.”

माणूस खरं बोलत होता. पण तो ‘टाक’ म्हणाला तिथंच मालनबाईंनी ऐकणं बंद केलं. त्यांच्या डोक्यात एकच फिरत होतं. मदिनाबीच्या नावापुढं पाच लाख लिहिलेत. माझ्या नावापुढं काय लिहिलंय? रंगराव यांची पत्नी. माझ्या कार्डावर आकडाच नाही.

पुढचे दिवस वाईट गेले. मदिनाबीचं दार सदा उघडं आणि आत बायका. कार्ड कसं काढलं, कुठं काढलं, कुठलं हॉस्पिटल बरं, जेवायला काय देतात. काल-परवापर्यंत जिला ‘मलम आहे का भाभी’ म्हणत उभं राहावं लागायचं, ती आता पलंगावर पाय पसरून सल्ले देत होती. मालनबाई आपल्या दाराच्या फटीतून बघायच्या. त्यात डॉक्टरनं सांगितलं म्हणून मदिनाबी रोज सकाळी गल्लीतून चालायला लागली. आधी हळूहळू, मग बरी. एकदा तर मालनबाईंच्या पुढून झपाझपा निघून गेली. मालनबाईंचे गुडघे अजून जिन्यावर कुरकुरत होते. अटॅक आलेली बाई पुढं आणि धडधाकट बाई मागं, हा कुठला न्याय?

आणि शालू. शालूला पित्ताचा त्रास. पूर्वी आठवड्यातून एकदा तरी दार वाजवायची. त्या आठवड्यात ती दारावरून सरळ समोर गेली. मालनबाईंनी मुद्दाम विचारलं, “काय गं, गोळी नको का?”

“नको काकू. मदिनाकाकू म्हणाल्या, सकाळी उठल्यावर कोमट पाणी प्या.”

कोमट पाणी! ज्या बाईला हॉस्पिटलातून येऊन महिना झाला नाही, ती आता कोमट पाणी सांगते आणि जग पितं. मालनबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. रंगरावांना वाटलं उपास असेल.

निवडणूक तोंडावर आलेली. नगरसेवक व्हायला निघालेल्या एका माणसानं कम्युनिटी हॉलमध्ये शिबिर लावलं होतं. दारावर त्याचा हात जोडलेला फोटो, मूळ माणसाच्या तिप्पट. ‘ज्येष्ठांना पाच लाखांचे संरक्षण!’ काय मिळतं ते वीतभर अक्षरात. काय मिळत नाही ते कुठंच नाही. ते सांगायचं काम कुणाचंच नसतं. म्हाताऱ्या माणसांनी ते वाचूही नये आणि विचारूही नये अशी सगळ्यांची सोय असते. मतं मिळवणाऱ्याची, फोटो काढणाऱ्याची आणि घरात बसून ‘चहा टाक’ म्हणणाऱ्याचीही.

दुपारी रंगराव झोपले. मालनबाईंच्या आधारला नंबर नवऱ्याचाच जोडलेला. त्यांनी उशीजवळचा मोबाइल उचलला, आधारकार्ड ब्लाउजमध्ये खोवलं आणि हॉल गाठला.

लॅपटॉपवर धम्मदीप नावाचा तिशीतला गृहस्थ बसला होता. एरवी त्याचं ई-सेवा केंद्र, इथं शिबिरापुरता आलेला. त्यानं आधार बघितलं. “बहात्तर. झालं काम. आजी, दुसरी कुठली सरकारी योजना आहे का? केंद्राची, फौजेची?”

मालनबाईंनी उलट विचारलं, “का?”

“असेल तर निवडावं लागतं. ही घेतली की ती बंद.”

“विचारून काय करतोस? भर तू पुढचं.”

“मी नाही विचारत, मशीन विचारतं.” तेवढ्यात मशीननं विचारणंही सोडून दिलं. सर्व्हर बसला. धम्मदीपनं दोन-तीनदा बटणं दाबली, मान हलवली. “परवा या, आजी. आज काही होत नाही.”

मालनबाई घरी आल्या. मोबाइल उशीजवळ ठेवला. रंगराव घोरत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळीच दारात मदिनाबी. दुखण्यानंतर पहिल्यांदा ती ओट्यासारखा तो चार पावलांचा व्हरांडा ओलांडून आली होती, आणि दम लागलेला नव्हता. मालनबाईंनी तेही टिपलं. रंगराव भाजी आणायला गेलेले.

“भाभी, शालू सांगत होती, तुम्ही काल शिबिरात होता.”

“तिला दुसरा धंदा नाही. ये, बस.”

मदिनाबी खुर्चीत बसली. पदराच्या टोकाशी चाळा करत म्हणाली, “रागावू नका. पण ते कार्ड तुम्ही काढू नका.”

“का बरं?”

“तुमचं सुटेल ना. मला हॉस्पिटलवाल्यांनी सांगितलं, एकाला एकच. तुमची डिस्पेन्सरी सुटली तर दर महिन्याची औषधं कोण देणार?”

“तुला कोण देतं?”

“कोण देणार? विकत.” मदिनाबी हसली, पण त्यात हसू नव्हतं. “घरी सोडताना थोड्या दिवसांच्या गोळ्या दिल्या होत्या. त्या संपल्या. आता रक्त पातळ करायची, कोलेस्ट्रॉलची, प्रेशरची, सगळं अमीन आणतो. जन्मभर घ्यायच्यात म्हणे. स्प्रिंग फुकट बसली भाभी, पण ती बसलेली ठेवायची गोळी फुकट नाही. पोरगं रात्रीची सुद्धा कव्हरं शिवतं हल्ली. मी एक दिवसाआड घ्यायला लागले होते चोरून, तर डॉक्टरनं असं झापलं की विचारू नका.”

मालनबाईंनी खुंटीवरच्या पिशवीकडे बघितलं.

“खरं सांगू? तुमची ती पिशवी बघितली ना, की इतकी वर्षं माझ्या जिवाची आग व्हायची. जिन्यात तिचा आवाज आला की मी आत जायची. वाटायचं, आमच्या माणसानं भट्टीपाशी उभा जन्म काढला, त्याला का नाही असली पिशवी? तुम्ही गोळ्या द्यायच्या, मी घ्यायची, वर तुम्हाला दुवा द्यायची, आणि मनात...” तिनं हात झटकला. “जाऊ द्या. म्हणून सांगते, ती सोडू नका.”

आता काय व्हायला पाहिजे होतं? मालनबाईंना शहाणपण सुचायला पाहिजे होतं. पण त्यांना झाला आनंद. पोटभर, गुळासारखा गोड आनंद. ही जळत होती! माझ्यावर! इतकी वर्षं! दुवा देताना आतून जळत होती! गेल्या महिनाभरात जेवढं रक्त आटलं होतं तेवढं सगळं एका मिनिटात अंगात परत आलं. त्यांनी उठून मदिनाबीला चहा दिला, वर खारीसुद्धा दिली.

मदिनाबी गेली. कप विसळता विसळता मालनबाईंचा हात थांबला.

अरे, पण मग ही सांगायला का आली? जी इतकी वर्षं जळत होती, ती आज माझं भलं करायला येईल? आज तिच्याकडे एक गोष्ट आहे जी आख्ख्या इमारतीत कुणाकडे नाही. मी ती घेतली तर तिच्याकडे कोण जाणार? तिला ती एकटीलाच पाहिजे. गोळ्या विकत घेते म्हणे! परवा नातीला नवा फ्रॉक बरा आणला.

माणूस स्वतः जसा असतो तसंच जग दिसतं त्याला. मालनबाईंनी आयुष्यात कुणाला फुकटचा खरा सल्ला दिला नव्हता. त्यामुळे दुसरा कुणी देईल हे त्यांच्या हिशेबातच बसेना.

ठरलेल्या दिवशी दुपारी नवऱ्याचा मोबाइल घेऊन त्या पुन्हा हॉलमध्ये. सर्व्हर उठला होता. धम्मदीपनं आधार टाकलं, मोबाइलवर आलेला आकडा विचारून घेतला, चेहऱ्यासमोर कॅमेरा धरला. मग स्क्रीन त्यांच्याकडे फिरवला.

“आजी, परत विचारतो. इथं लिहिलंय, दुसरी सरकारी योजना असली तर ती सोडून ही घेताय. एकदा घेतली की माघारी जाता येत नाही. घरी विचारलंय का?”

“मी काय शाळेत जाते का घरी विचारायला?”

“तसं नाही...”

“दाब.”

त्यानं दाबलं.

पुढचे काही दिवस मालनबाईंचे. कार्ड छापून आलं. फोटो झकास आला होता, मदिनाबीसारखा घाबरलेला नाही. त्यांनी शालूला दाखवलं, तळमजल्यावरच्या किराणावाल्याला दाखवलं, कुणी न विचारता दाखवलं. “पाच लाख,” म्हणायच्या, आणि बोट त्या आकड्याखाली फिरवायच्या. रंगरावांना तेवढं दाखवलं नाही. मदिनाबीला मात्र जिन्यात गाठून दाखवलं. तिनं कार्ड बघितलं, मालनबाईंकडे बघितलं, आणि खाली उतरून गेली.

‘लागलं बरोबर,’ मालनबाई मनात म्हणाल्या.

मग महिना भरला. डिस्पेन्सरीचा दिवस आला. मालनबाईंच्या मनात धाकधूक होती, पण त्यांनी स्वतःची समजूत घातली होती. सरकारचं काम, इकडचं तिकडं कळायला वर्ष जातं. तोवर दोन्ही चालेल.

नाही चाललं. खिडकीमागच्या बाईंनी रंगरावांचा नंबर घेतला, मग मालनबाईंचा. कीबोर्ड वाजला, थांबला.

“आजोबा, तुमचं होईल. आजींचं इथून नाही होणार.”

“का? मशीन बंद आहे?”

“मशीन चालू आहे. आजींनी सत्तर वर्षांवरचं कार्ड घेतलंय. त्यांनीच निवड केलीय. इथलं त्यांचं बंद झालं.”

“काहीतरी चूक आहे,” रंगराव म्हणाले. “आम्ही असलं काही...” आणि त्यांनी बायकोकडे बघितलं. मालनबाई भिंतीवरचा डासांचा तक्ता वाचत होत्या. अंडी, अळी, कोष.

“परत नाही का घेता येत?” त्यांनी खिडकीला विचारलं. आवाज एकदम बारीक. तो आवाज ओळखीचा नव्हता.

“नाही हो. लिहिलेलं असतं तिथं. वाचून नाही दाखवलं का कुणी?”

दाखवलं होतं. एकानं नाही, तिघांनी.

रंगरावांनी आपल्या गोळ्या घेतल्या. पिशवीच्या तळाशी दोन पाकिटं. रिक्षा निघाली. खडकीचा पूल गेला, सिग्नल गेला. मग समोर बघतच म्हणाले, “ओटीपी आला होता दुपारी. मला वाटलं कुणीतरी फसवतंय. बँकेत जाऊन विचारलंसुद्धा. घरातलंच माणूस निघालं.”

“चुकलं हो.”

“चुकलं नाही. चुकायलाही माणसाला आधी विचार करावा लागतो.” पुढच्या चौकापर्यंत गेल्यावर म्हणाले, “काय कमी होतं तुला?”

मालनबाईंना उत्तर माहीत होतं. ते इतकं हलकं होतं की तोंडातून काढायची लाज वाटत होती. तरी काढलं. “ती माझ्या पुढून चालत गेली. मला बघवलं नाही.”

रंगरावांनी मान वळवून बायकोकडे बघितलं. मग रिक्षावाल्याला म्हणाले, “पुढं मेडिकलपाशी थांबवा जरा. इन्सुलिन घ्यायचंय.”

मेडिकलवाल्यानं सांगितलेला आकडा ऐकून रंगरावांनी चष्मा काढून पुसला आणि पैसे दिले. पेन्शनमधून हे दर महिन्याला जाणार होतं. त्यांनी ते बोलून दाखवलं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. आणि जिना चढताना मालनबाईंच्या मनात काय आलं असेल? रंगरावांच्या हातातली ती दोन पाकिटं बघून त्यांना वाटलं, यांचं बरं आहे, यांचं चालू आहे. सख्ख्या नवऱ्यावर! थांबत नव्हतं ते. खोकल्यासारखं येत होतं.

दुसऱ्या मजल्यावर आल्यावर रंगराव आत गेले. मालनबाई गेल्या नाहीत. समोरचं दार उघडं होतं, मदिनाबी लसूण सोलत बसली होती. मालनबाई उंबऱ्याबाहेर उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांत त्या दारात त्या काही मागायला कधी उभ्या राहिल्या नव्हत्या.

“मदिनाबी.”

“काय झालं?”

“बंद झालं.”

मदिनाबीनं लसणाची पाकळी खाली ठेवली. मालनबाईंना वाटलं, आता ही ‘अरेरे भाभी’ म्हणेल, जवळ घेईल. तसं तिनं केलं असतं तर मालनबाई तिथून निघून गेल्या असत्या.

“मी आले होते ना घरी?” मदिनाबीचा आवाज चढला. “छातीत स्प्रिंग घेऊन आले होते. माझ्या पोटातलं, जे नवऱ्यालासुद्धा सांगितलं नाही, ते तुला सांगितलं. आणि तू काय समजलीस? मी जळून सांगतेय? जिन्यात कार्ड नाचवलंस माझ्यासमोर! मी तेव्हाच ओळखलं, ही ऐकायला बसलीच नव्हती, मोजायला बसली होती.”

आतून सून डोकावली, परत आत गेली.

तीस वर्षांत मदिनाबीनं कधी ‘तू’ म्हटलं नव्हतं. मालनबाईंना ते ऐकू आलं. मान खाली घालून त्या म्हणाल्या, “हो. तसंच समजले मी.”

“कशाला?”

“मी तशीच आहे म्हणून.”

मदिनाबीनं पुन्हा लसूण हातात घेतला. दोन पाकळ्या सोलल्या. मग कपाळाला आठी घालून विचारलं, “इन्सुलिन कुठून घेतलं आज?”

“कोपऱ्यावरून.”

“त्याच्याकडून! लुटलं असणार त्यानं. अमीन ते सरकारी स्वस्त औषधांचं दुकान आहे ना, तिथून आणतो माझ्या गोळ्या. प्रेशरच्या तिथं फार कमीत मिळतात. तुझं इन्सुलिन मिळतं का बघायला पाहिजे, ते काही मला ठाऊक नाही. डॉक्टरची चिठ्ठी मात्र ताजी लागेल. महापालिकेच्या दवाखान्यात सकाळी लवकर गेलं की रांग नसते, तिथून लिहून घे आधी.” ती उठून उभी राहिली, हातावरची टरफलं झटकली. “उद्या आठला खाली ये. मी चालतच जाते, मला चालायचंच असतं. तुला जमत नसेल तर रिक्षानं ये, पण माझ्यासाठी थांबवू नकोस.”

“चालीन मी.”

“बघू.”

मालनबाई घरात आल्या. रंगराव खुर्चीत बसले होते, पेपर न उघडता.

“काय म्हणाली?”

“काय म्हणणार? घालून पाडून बोलली.” मालनबाईंनी इन्सुलिन फ्रिजमध्ये ठेवलं, दार लावलं, आणि तिथंच उभ्या राहून म्हणाल्या, “पण बघा ना, सगळं माहितीये हो तिला. कुठलं दुकान, कुठला दवाखाना, किती वाजता रांग नसते. आपल्याला मेलं एवढं वय झालं तरी यातलं काही माहीत नाही.”

आणि त्यांच्या पोटात पुन्हा तीच बारीक कळ उठली.